अर्ध्या शिक्क्यामागे दारव्ह्यापर्यंत

नागपुरात आम्हा तिकीटवेड्यांचा एक कट्टा भरतो. तिथल्या एका काकांनी माझ्या अल्बममधलं एक तिकीट भिंगाखाली धरलं आणि विचारलं, "याची जोडी कुठे आहे?"

"यवतमाळ जिल्ह्यात."

"मग इथे काय करताय? जा, घेऊन या!"

झालं. थंडी होतीच, गुडघेही त्या आठवड्यात बरे होते. मी बॅग भरली.

मी जमवते ती युद्धानंतरची टपाल तिकिटं. सीमा हलते, देशाचं नाव बदलतं, पण नवी तिकिटं छापून यायला वेळ लागतो आणि टपाल काही थांबत नाही. मग जुन्याच तिकिटांवर नवं नाव उमटवून काम भागवतात. पहिल्या महायुद्धानंतर 'डान्झिग' किंवा 'सार' छापलेली जर्मन तिकिटं माझ्याकडे आहेत. पण जीव अडकलाय तो पाकिस्तानच्या एका साध्या तिकिटात. त्यावर जांभळ्या शाईचा रबरी शिक्का आहे, इंग्रजी अक्षरांत, 'बांगला' एवढाच. 'देश' शेजारच्या तिकिटावर गेला.

ते शेजारचं तिकीट कुसुमकडे. वडील फुलसावंगीच्या दवाखान्यात नोकरीला होते तेव्हाची ही माझी शाळेतली मैत्रीण. तिचा मामा फौजेत होता. एकाहत्तरच्या लढाईनंतर सुट्टीवर आला तेव्हा त्याने ही जोडी आणली. अल्बम आमचा सामाईक होता. वडिलांची बदली झाली तेव्हा आम्ही त्याची वाटणी केली आणि ही जोडी मधल्या भोकांवरून अलगद फाडून एकेक घेतलं. अशी जोडी कधी तोडायची नसते हे आम्हाला कुठलं ठाऊक!

नागपूरहून यवतमाळ, तिथून आर्णीवरून महागाव. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, रस्ता आता चौपदरी, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. महागावहून पुढे जीप. ती भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरली म्हणजे काय हे ड्रायव्हर ठरवतो, तेव्हा हाताशी वेळ ठेवा. दोन्हीकडे कापूस वेचणाऱ्या बाया दिसत होत्या. शाळा सुटल्यावर तिकिटं बघत आम्ही याच बांधांवर बसायचो.

फुलसावंगीत कुसुमच्या माहेरी तिची वहिनी भेटली. तिने आधी तुरीच्या ओल्या दाण्यांची भाजी आणि ज्वारीची भाकर पुढे केली, मग विचारलं की मी कोण.

"कुसुमताई दारव्ह्याले राह्यतात," ती म्हणाली.

"तिला दारव्ह्याला दिल्याचं ऐकून मी मागे एकदा तिथे शोधलंय हो. कुसुम नावाचं कोणी सापडलंच नाही."

"कसं सापडन? लग्नात नाव बदललं न त्यायचं! तिथं साऱ्यायले वंदनाच माहीत हाये."

भाकरीचा घास हातातच राहिला. ताटातल्या तांदळात नवऱ्याने अंगठीने नवं नाव लिहायचं, मांडवाने टाळ्या वाजवायच्या, हे मी डझनभर लग्नांत पाहिलंय. इतकी वर्षं शिक्क्यांखालची जुनी नावं वाचत बसले आणि मैत्रिणीच्या बाबतीत हे डोक्यात येऊ नये! स्वतःचाच राग आला.

"फोन लावू काय?" वहिनीने विचारलं.

"नको, अचानकच जाते."

"जा मंग. पाहा, कशा दचकतात!"

रात्री पुसदला लॉजवर मुक्काम केला, सकाळी दिग्रसमार्गे दारव्हा गाठलं. बाजाराचा दिवस होता. स्टँडवर गरम आलुबोंडा खाल्ला आणि वंदनाताईंचं घर विचारलं. पहिल्याच दुकानदाराने बोट दाखवलं.

ओसरीवर एक बाई सुपात तूर पाखडत होती.

"कोन पाह्यजे?"

"कुसुम."

सूप थांबलं. तिने चष्मा वर सरकवला. "शैला? काव, इतके दिवस कुठी मेली होती वं तू?"

मग आम्ही दोघी रडलो, त्याचं वर्णन करत नाही.

चहा झाल्यावर मी माझं तिकीट काढलं. ती हसली आणि मला आतल्या खोलीत घेऊन गेली. लग्नात माहेराहून आलेली पत्र्याची पेटी तिने उघडली. झाकणाच्या आतल्या बाजूला तिचं तिकीट होतं, 'देश' अगदी कालच्यासारखा जांभळा. पण चिकटवलेलं! तेही गव्हाच्या पिठाच्या खळीने!

"हरवू नये म्हून लावलं. ह्या पेटीले कोनी हात नाही लावत," कुसुम म्हणाली. "काढून घे ना. चाकू आनू काय?"

खरं सांगते, चाकूचा मोह झाला. पण खरवडलं तर कागद फाटणार, भिजवलं तर शिक्क्याची शाई वाहून जाणार. अर्धा शिक्का घेऊन घरी परतायचं, नाहीतर माझा अर्धा इथे ठेवायचा, एवढंच हातात होतं.

"थोडी खळ कर," मी म्हटलं.

"पागल झाली काय? तुह्यं तिकीट खराब होईन!"

"होऊ दे."

मागे डिंकाचा डाग पडू नये म्हणून ज्या तिकिटाला मी आजवर चिमट्यानेच उचललं, त्याला बोटाने खळ फासली आणि तिच्या तिकिटाला भिडवून बसवलं. भोकाला भोक जुळलं. कुसुमने त्या अक्षरांवरून हलकेच बोट फिरवलं.

"आता पुरं वाचता येते," ती म्हणाली.

बाहेरून तिच्या नवऱ्याने हाक मारली, "वंदना!" ती "आली, आली" म्हणत उठली. निघताना मी तिला कुसुम म्हणूनच हाक मारली, तेव्हाही तिने तशीच ओ दिली.

कट्ट्यावरच्या काकांना सगळं सांगितलं तर त्यांनी कपाळावर हात मारला. अल्बममध्ये त्या जागी आता रिकामी चौकट आहे. ती पाहून चुटपुट लागत नाही असं म्हणणार नाही.

काल दुपारी फोन वाजला. मागे सुना-नातवंडांची वर्दळ ऐकू येत होती. त्या सगळ्यांच्या देखत पलीकडून ठणठणीत आवाज आला, "हॅलो, मी कुसुम बोलून राह्यली."