नंबराला ठेवलेली चप्पल

आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्याच्या पायऱ्यांवर मी एका परक्या माणसाची कॉलर धरली होती, याचं मला आजही वाईट वाटत नाही. संताप येतो तो वेगळ्याच गोष्टीचा, आणि ती आठवली की अजून हात शिवशिवतात.

डॉक्टर शहराच्या लश्कर भागात, महाराज बाड्याच्या मागच्या एका गल्लीत बसतात. माझ्या जन्माच्या आधीपासून आमच्या घरचं सगळं दुखणंखुपणं त्यांच्याकडेच. आता त्यांचं वय झालं आहे, ते फक्त सकाळी नंबर लावलेले पेशंट बघतात, आणि अर्धं शहर त्यांच्या दारात. फोन कंपाउंडरच्या टेबलावर असतो आणि नुसता वाजत असतो. चुकून उचललाच तर ‘नंबर भर गए, कल देखना’ एवढं ऐकू येतं आणि कट. तो ‘कल’ मी त्या वर्षी अख्खा उन्हाळा ऐकला. शेवटी शेवटी फोन भिंतीवर आपटावासा वाटायचा, आणि एकदा आपटलाही.

घाई होती बाबांच्या पायांची. त्यांना जुनी शुगर. होळीनंतर ते म्हणायला लागले की पाय आपले वाटत नाहीत, फरशीवर चाललो तरी गादीवर चालल्यासारखं वाटतं. माझ्या मोठ्या काकांचंही असंच सुरू झालं होतं. त्यांनी ते अंगावर काढलं, एक साधा फोड चिघळला, पाय कापावा लागला आणि मग काकाही फार दिवस राहिले नाहीत. त्यामुळे बाबांनी गादीचं नाव काढलं तेव्हा मी लगेच फोन लावायला घेतला. मला बाबांचे पाय वाचवायचे होते, बस. दुसऱ्या कोणाला दाखवू म्हटलं तर ऐकतील ते बाबा कसले. जो माणूस मला ओळखत नाही त्याच्यासमोर मी पाय पसरून बसू का, असं त्यांचं म्हणणं. आपले डॉक्टर पाहतील, मग ते म्हणतील तिथे जाऊ.

आमचे लोक दक्खनेतून इथे तलवार घेऊन आले. ती तलवार दसऱ्याला बाहेर निघते, बाबा तिला तेल लावतात, कुंकू लावतात आणि पुन्हा गुंडाळून ठेवतात. स्वतः बाबांनी जन्म घालवला बिर्लानगरच्या मिलमध्ये, मिल बंद पडेपर्यंत. पण तलवारीचा हट्ट अंगातून गेला नाही. तोच माझ्यातही उतरला, असं आई असती तर म्हणाली असती.

फोन लागत नाही म्हटल्यावर नंबर लावायचा एकच रस्ता उरतो, चपलेचा. पहाटेपासून लोक येतात आणि दवाखान्याच्या पायऱ्यांवर ओळीनं चपला ठेवतात. कंपाउंडर आला की चपलांच्या क्रमानं नंबर देतो. पूर्वी कोणीही कसलीही फाटकी चप्पल आणून टाकायचं, एकेकाच्या घरून चार-चार जोड यायचे, म्हणून त्यानं नियम केला. जोडी पाहिजे, ती पेशंटचीच पाहिजे, आणि पेशंट तिथेच हजर पाहिजे. लोक हुशार, ते घरून दुसरी जोडी पायात घालून येतात आणि जुनी रांगेत ठेवतात. मीही बाबांसाठी पिशवीत स्लिपर घेतल्या होत्या. बाबांनी त्या पायात घातल्या नाहीत.

“पायातली म्हणजे पायातली,” ते म्हणाले. “दोन-दोन चपला घालून नंबर लावायचा म्हणजे बेइमानी आहे. तू फालतू बहस नको करू.”

याआधीही आम्ही असे येऊन हात हलवत परत गेलो होतो. म्हणून त्या दिवशी, ज्येष्ठाच्या ऐन उन्हाळ्यात, अंधार असतानाच हरिशंकरपुरमहून निघालो. बाबांच्या चपला वरच्या पायरीवर लागल्या, पुढे फक्त दोन-तीन जोड. मला इतका आनंद झाला की मी समोरच्या टपरीवर बाबांना बिनसाखरेचा चहा सांगितला आणि मला साखरेचा. बाबा अनवाणी बाकावर बसले, काठी गुडघ्यात धरून. ऊन चढलं, गल्ली तापली, चपलांची रांग खाली रस्त्यापर्यंत आली. आज दाखवून होणार, असं मी मनातल्या मनात पुन्हा पुन्हा म्हणत होते.

कंपाउंडर यायच्या जरा आधी एक जीप आली. त्यातून एक धिप्पाड माणूस उतरला, आणि त्याच्यामागे खांद्याला बारा बोअर लटकवलेला दुसरा. आमच्याकडे बंदूक लोक छत्रीसारखी बरोबर नेतात, त्यामुळे तिच्याकडे कोणी पाहिलं नाही. धिप्पाड माणूस सरळ पायऱ्या चढला, त्यानं वरच्या पायरीवरच्या चपला पायानं उडवल्या आणि तिथे बायकी सपातांचा एक जोड ठेवला. बाबांची एक चप्पल गटारीत पडली.

मी उठले ते ओरडतच. त्यानं वळून पाहिलं आणि म्हणाला, बहनजी, इमरजेंसी है. मी म्हटलं, सगळ्यांचीच आहे. तो हसला. ते हसणं मला सहन झालं नाही. मी कॉलर धरली आणि ओढली, त्याच्या शर्टाची बटणं तुटली. त्यानं माझा हात असा पिरगळला की डोळ्यांपुढे अंधारी आली. मग रांगेतले सगळेच तुटून पडले. कोणाच्या डोक्यात हेल्मेट बसलं, कोणाचा चष्मा पायाखाली गेला, टपरीचा बाक उलटला आणि चहाचे ग्लास रस्त्यावर फुटले. बंदूकवाला बंदुकीच्या दस्त्यानं लोकांना मागे ढकलत होता. एक म्हातारी बाई जीपच्या मागच्या सीटवर आडवी पडून कण्हत होती. तापानं फणफणलेली असावी. मला ती दिसली, आणि खरं सांगते, त्या घटकेला मला तिचाही राग आला.

आणि या सगळ्यात बाबा. मला वाटत होतं ते टपरीवर असतील. ते रस्त्याच्या मधोमध उभे होते, अनवाणी, दोन्ही हातांनी शिसवी काठी फिरवत. त्यांनी धिप्पाड माणसाच्या पाठीत एक घातली, दुसरी खांद्यावर. इतक्या वर्षांत मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. चेहरा लाल, मान ताठ. मला भीती वाटली आणि अभिमानही वाटला, एकदमच. ते पुढे पाऊल टाकत, वार करत, मागे सरत, पुन्हा पुढे येत होते.

कंपाउंडरनं शटर वर केलं आणि बोंब मारली की पोलिसांना फोन करतोय. माणसं थांबली. धापा टाकत सगळे एकमेकांकडे पाहत होते, तेव्हा कोणीतरी म्हणालं, अरे, ये खून किसका है. रस्त्यावर रक्ताचे डाग होते, इकडून तिकडे, पुन्हा तिकडून इकडे. जो तो स्वतःचं डोकं, नाक, ओठ चाचपून बघायला लागला. बंदूकवाल्याकडे सगळे वळले. तो घाबरून सांगायला लागला की मी कोणाला मारलं नाही. बाबाही काठी टेकून चौकशी करत होते, अरे, कोणाला लागलं बघा, लवकर बघा.

धिप्पाड माणसाची नजर खाली गेली. तो हळू आवाजात म्हणाला, “बाबूजी, ये तो आपका पैर है।”

बाबांनी खाली पाहिलं. त्यांच्या उजव्या तळव्यात फुटक्या ग्लासाचं बूड घुसलं होतं, आणि ते त्याच्यावर उभे होते. त्यावरूनच ते पुढेमागे पावलं टाकत होते. त्यांना काहीच कळलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत दुखणं अजिबात नव्हतं. मी खाली वाकून त्यांचा पाय उचलून धरला.

ज्याला काठीनं बडवलं त्यानंच बाबांना उचलून आत नेलं. कोणी नंबर विचारला नाही. डॉक्टर खुर्चीतून उठून आले, काच काढली, जखम धुतली, मग पायाला टाचणी टोचत टोचत वर गेले. कुठे कळतंय विचारत होते. बाबा नाही म्हणत होते, नाही, नाही. टाचणी घोट्याच्या वर गेली तेव्हा डॉक्टरांचा चेहरा पडला.

“इतकं होईपर्यंत थांबलात कशाला?” ते म्हणाले. “आधीच का नाही आलात?”

माझ्या हातात बाबांची उरलेली चप्पल होती. मी ती त्यांच्या टेबलावर फेकली. टेबलाची काच तडकली, औषधाच्या बाटल्या खाली पडल्या. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. होळीपासून तुमच्या दारात येऊन राहिलोय, एवढं आठवतं. तुमचा फोन, तुमची रांग, तुमचा नियम, असंही बरंच. बाहेरचे लोक दारात येऊन ऐकत होते. डॉक्टर खाली वाकून बाटल्या उचलत राहिले. बाबा मात्र मला म्हणाले की मोठ्यांशी असं बोलतात का.

जखम भरली नाही. डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथे आधी बोटं गेली, मग पावसाळ्यात पाऊल, घोट्याच्या वरपर्यंत. काकांचं झालं तसंच, फक्त बाबांनी काही अंगावर काढलं नव्हतं. ते दर वेळी वेळेवरच निघाले होते.

दिवाळीनंतर डाव्या पायालाही तसंच वाटायला लागलं, गादीवर ठेवल्यासारखं. पुन्हा डॉक्टरांना दाखवायचं होतं. फोन पुन्हा वाजत राहिला. बाबांना आता पहाटे रांगेत नेऊन बसवायचं कसं, म्हणून मी चिडचिड करत होते, त्या कंपाउंडरचं डोकं फोडते म्हणत होते. बाबा कॉटवर बसून ऐकत होते.

“अगं, उजवी तर आता फालतूच पडली आहे,” ते म्हणाले. “नंबरला तीच लावून ये. मी मागून येतो रिक्षानं.”

मी ती पहाटे पायरीवर ठेवली. नवीन होती, एक गटारीत गेली त्या जोडीनंतर आणलेली, उजवीचा तळ अजून कोरा. कंपाउंडर नंबर देत देत तिच्यापर्यंत आला आणि थांबला. “जोड़ी लगती है बहनजी. दूसरी कहाँ है?”

मी म्हटलं, “पहनी हुई है।” आणि रिक्षाकडे बोट दाखवलं.

त्यानं तिकडे पाहिलं. रिक्षात बाबा डावा पाय खाली सोडून बसले होते. कंपाउंडर खाली वाकला, त्यानं चप्पल दोन्ही हातांनी सरळ केली आणि होती त्याच जागी ठेवली. तिच्यापुढे बऱ्याच जोड्या होत्या. आमचा नंबर दुपारी आला.