निखिलने सांगितलं होतं

निखिल गेला त्याला दीड महिना होईल. या दिवसांत ‘निसर्गापुढे कुणाचं काय चालतं?’ हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता डोकं फिरतं. माझ्या धाकट्या भावाला निसर्गाने नेलं नाही... त्याचं न ऐकणाऱ्यांनी नेलं.

आदल्या संध्याकाळी नॉर्वेहून त्याचा फोन आला. जर्मनीत इंगोलश्टाटमधल्या मराठी इंजिनियरांची त्यांची टोळी स्कीवरून डोंगर चढायला तिकडे गेली होती. मी ब्राउनश्वाइगला, पोळ्या लाटता लाटता ऐकत होते. “ताई, समुद्राकाठचा बर्फ फसवा गं. आज पाऊस, उद्या कडाका, परवा वादळ. आज खणून बघितलं. वर घट्ट थर आणि खाली नुसता रवा! हिमस्खलनाचा इशाराही आहे. आल्झो, तेव्हा उद्या ठरलेला तो उतार नको म्हणून सांगितलंय सगळ्यांना.” मी निश्चिंत झाले. लहानपणी काठीने तळ बघितल्याशिवाय विहिरीत उडी न मारणारा मुलगा तो. मी ‘भागूबाई’ म्हणून चिडवायचे, आणि तो चिडायचाही नाही.

पण अभयदादा टोळीत सगळ्यांत मोठे. नवीन आलेल्याला घर शोधून देणार, पत्त्याच्या नोंदणीला, आनमेल्डुंगला, सोबत जाणार. त्यांना उलट बोलायचं नाही, अशी रीतच पडलेली. सकाळी ते म्हणाले, “एवढ्या लांब काय खिडकीतून बघायला आलोय?” झालं, विषय संपला! निखिल निदान एवढं म्हणाला, की उतार एकेकट्याने ओलांडू. म्हणजे बर्फ सुटलाच तर एकच जण सापडेल आणि बाकीचे त्याला खणून काढतील. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग मधोमध एकाच्या स्कीचा पट्टा निघाला आणि ही मंडळी त्याच्याभोवती गोळा झाली. सह्याद्रीतली सवय, कुणाला एकटं सोडायचं नाही. तिथे ती माया असते, इथे ते फसव्या बर्फावरचं वजन होतं. “पांगा, पांगा!” ओरडत निखिल त्यांना हटवायला उतारावर गेला, आणि उतार सुटला. बाकीचे कमरेइतके अडकले. तो पूर्ण गाडला गेला... त्यांच्यातल्याच एकाने हे मला रडत सांगितलं.

शोकसभेत अभयदादा नियतीवर बोलले. लोकांनी डोळे पुसले. मला संताप आवरेना, मी उठून बाहेर आले.

गेल्या रविवारी ते निखिलच्या घरी आले; मी तिथेच होते. निखिलच्या नावाने दरवर्षी ट्रेक करायचा म्हणे, आणि सामानाबरोबर परत आलेलं त्याचं बर्फाचं फावडं आठवण म्हणून न्यायचं होतं. निखिलची बायको मृणाल आजवर कुणाला चकार शब्द बोलली नव्हती. तिने चहाचा कप त्यांच्यासमोर ठेवला.

“अहो दादा,” ती म्हणाली, “त्याने खणून दाखवलं तेव्हा बघितलं नाहीत. आता फावडं कशाला हवंय?”

अभयदादा चहा तसाच ठेवून उठले. फावडं खाली तळघरात, केलरमध्ये आहे, तो टांगायचा त्याच खिळ्यावर.