मांडीखालचे हात

आमच्या ऑफिसात तिला सगळे मास्तरीणबाई म्हणतात. मी वेबसाइट बनवायची आणि हिने त्यातल्या चुका काढायच्या, म्हणजे माझ्यासारख्या तापट माणसाशी तिचं जमणं कठीणच. लोकांना बोलवायचं, त्यांच्याच फोनवर आमची वेबसाइट उघडायला लावायची आणि शेजारी गप्प बसायचं, ही तिची पद्धत. माणूस अडला तरी मदत नाही. आपलं बोट पुढे जाऊ नये म्हणून ती दोन्ही हात मांडीखाली दाबून बसते. शेवटी मात्र प्रत्येकाला सांगते, "तुमचं काही चुकलं नाही हं, चुकलं ते आमचं."

मध्यंतरी आम्ही केलेल्या एका दवाखान्याच्या वेबसाइटबद्दल तक्रारी येत होत्या. माझं उत्तर ठरलेलं, "माझ्या फोनवर तर चालते बुवा." तिने लोक बोलावले. त्यातला एक आलाच नाही, म्हणून त्याच्या जागी ती स्वतःच्या वडिलांना घेऊन आली. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस.

जिन्यात मला हळूच म्हणाली, "याच वेबसाइटवर दोनदा वेळ घेतली म्हणाले बाबा, दोन्ही वेळा दवाखान्यात नावच नव्हतं. दादा म्हणतो, बाबांचं डोकं आता चालत नाही, रविवारी फोन काढून घेऊ. मीही हो म्हटलंय."

बाबांनी सावकाश नाव भरलं. तारीख निवडली, वेळ निवडली. कुठे म्हणून चुकले नाहीत. मग बोट थांबलं. वर सरकवून पाहिलं, खाली सरकवून पाहिलं.

"झालं वाटतं," ते म्हणाले, आणि लेकीकडे बघून ओशाळले. "नाही जमत गं मला. घरी घेतेस तसा घे हा फोन."

घरी ती "आणा इकडे" म्हणत त्यांचा फोन हिसकावून बाजूला ठेवायची आणि ते काम स्वतःच्या फोनवर करून टाकायची. आज हात मांडीखालीच राहिले. मी वाकून पाहिलं. 'वेळ नक्की करा' हे शेवटचं बटणच तिथे नव्हतं. त्यांच्या फोनमधला ब्राउझर जुना, त्यात ते पडद्याखाली दडून बसलेलं.

"बटण कुठे आहे?" तिने मला विचारलं.

"दिसतच नाही त्यांना," मी म्हणालो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिने हात बाहेर काढले, दाबून लाल झालेले, आणि वडिलांचा हात धरला. मग रोजचंच वाक्य म्हणाली.

"बाबा, तुमचं काही चुकलं नाही. चुकलं ते माझं."

बाबांनी फोन तिच्यापुढे धरला. "मग दादाला सांगशील?"

"तुम्हीच सांगा," ती म्हणाली. "तुमच्याच फोनवरून."