गुडघ्यावर घातलेला बिब्बा

वडापची जीप लासुर्ण्याच्या अलीकडं खड्ड्यात आदळली आन् ह्यांच्या गुडघ्यातनं पिवळं पाणी माझ्या साडीवर आलं. पाय माझ्या मांडीवर, पोरगी आत्याबाईंच्या कडंवर रडतीया, ह्यांचं डोळं सुजून मिटल्यालं, व्हट जाड झाल्यालं, बोलाय येत नव्हतं. ड्रायव्हर म्हणला, "वहिनी, खाली काय तरी धरा, सीट खराब हुतंय." मी पदर धरला. आत्याबाई, म्हंजी माझी सासू, एकसारखी म्हणत व्हती, "उतला गं, बिब्बा उतला." उतला म्हंजी बाधला, अंगभर फुटला. बारामती अजून लांब. आन् बिब्बा घातल्याला मीच.

ह्यांचं काम फुटबॉल खेळायचं. आमच्या वरकुट्यात हे सांगितलं की लोक हसायची. आमच्या घरात आधी मेंढरं. हे बारा वर्साचं असताना पळणं बघून पुण्याला पलटणीच्या खेळाच्या शाळंत घेतलं, तितनं गोवा, कलकत्ता, मग नेपाळ, मालदीव, मस्कत. कुठं एक सीझन, कुठं दोन. पुढं उभं राहून गोल मारायचा, येवढंच मला ठावं. गोल झालं न्हायती की बॅग भरायची आन् दुसरा संघ हुडकायचा. शेजारचं तात्या म्हणायचं, "आधी मेंढरामागं पळायचा, आता बॉलामागं. मेंढरू लोकर तरी देतं रं!" हे हसून म्हणायचं, "तात्या, बॉलाला लेंड्या नसत्यात." मी एक बी मॅच बघितली न्हाय. सातवीपत्तूर शिकले, पोरीसाठी नकाशात मालदीव हुडकाय गेले तर माशी बसल्यावानी कायतरी दिसलं.

औंदा मस्कतवरनं आलं ते लंगडतच आलं. सरळ चालताना काय न्हाय, वळलं की कळ. तिकडच्या डॉक्टरनं सहा महिनं बसाय सांगितल्यालं. आन् तेवढ्यात ढाक्याच्या संघाचं बोलावणं आलं. वीस दिवसात या, आमचा डॉक्टर गुडघा बघंल, मग सही. ह्यांचं वय एकतीस. मला म्हणलं, "हे बोलावणं गेलं की मग कुणी बोलवायचं न्हाय. सहा महिनं माझ्यासाठी कोण थांबतंय?"

आत्याबाई म्हणली, "बिब्बा घाल की. मेंढरामागं रानात कुठं व्हता डॉक्टर?" बिब्बा म्हंजी काळं फळ. दाभणाला टोचून दिव्यावर धरलं की तेल सुटतं, त्येचा ठिपका दुखऱ्या जागी द्यायचा. बाळंतपणानंतर माझ्या टाचंला घातल्याला, आठ दिवसात बरी झाले. ह्यांनी मला इचारलं, "तू सांग, घेऊ का?" मी म्हणलं, "घ्या. मला काय झालं?"

आत्याबाईचा हात कापतो म्हणून दाभण माझ्याकडं. हे भिताडाला टेकून बसलं. म्हणलं, "पेनल्टी मारताना येवढं भ्या वाटलं न्हाय."

"हलू नका."

"तीनच दे गं," आत्याबाई म्हणली.

"तीन कशाला, चांगलं सात-आठ दे. मला लौकर जायचंय."

मी आठ दिलं. मोजून. तिसऱ्या दिवशी फोड उठलं, अंगाला खाज सुटली, ह्यांनी खाजवून खाजवून गुडघा सोलला. आठव्या दिवशी ती जीप.

बारामतीच्या दवाखान्यात डॉक्टर वराडलं, "कुणी केलं हे?" हे जड जिभंनं म्हणलं, "मीच."

दोन येळा गुडघा उघडला. मग डॉक्टरांनी मला एकटीला बाहीर बोलवलं. पू सांध्यात गेल्याला. पाय वाचला, चालतील, पण पळायचं इसरा, पळायला गेलं तर हाय तो गुडघा बी जाईल. म्हणलं, "त्यांना मी सांगू का तुमी?" मी म्हणलं, "मी सांगते." का म्हणलं ठावं न्हाय. मला रडू बी आलं न्हाय. भिताडाचा हिरवा रंग बघत उभी राहिले.

आत गेले तर ह्यांनी ढाक्याचा नंबर लिवल्याला कागूद माझ्या हातात दिला. "समोरच्या एसटीडीवर जा. सांग, ताप हाय, पंधरा दिवस उशीर हुईल. हिंदीत सांग. त्येवढं कर."

बूथमध्ये मी नंबर फिरवला. पलीकडनं माणूस हिंदीत बोलला. मी तोंडपाठ केल्यालं सगळं इसरले आन् म्हणलं, "वो नहीं आयेगा. पैर खराब हो गया." तो म्हणला, "पक्का?" मी म्हणलं, "पक्का." त्येनं फोन ठेवून दिला.

माघारी आले तर हे उठून बसल्यालं. "काय म्हणलं?"

"फोन लागंना."

दुसऱ्या दिवशी परत धाडलं. मी बूथच्या दारात उभी राहिले, पोरीला बिस्किटाचा पुडा घेतला आन् आले. म्हणलं, "थांबतो म्हणलाय. बरं झाल्यावर कळवा म्हणला."

आता आमी घरी हाय, तिसरा महिना चाललाय. सकाळी पोरगी निजल्याली असती तवा हे पायाला वीट बांधून वर-खाली करत्यात. गुडघा अर्धा बी वळत न्हाय. दात खाऊन करत्यात. काल म्हणलं, "पुढच्या सोमवारपासनं रानात पळून बघतो, मग कळवू ढाक्याला." मी भाकरी थापत व्हते, थापतच राहिले. सोमवारला आता चार दिवस हायत. सांगितलं तर हे वीट सोडून परत कशालाच हात लावायचं न्हायत असं वाटतं, न्हाय सांगितलं तर पळत्याल. तुमी काय केलं असतं, सांगा.