‘धोटा’ कुणी केला

महांतेश हुक्केरी मूळचा कबनूरचा. घरामागच्या शेडमध्ये वडिलांचे चार माग होते. त्या खडखडाटात तो आणि त्याची थोरली बहीण शांभवी वाढली. वडील गेले, माग भंगारात गेले, आणि महांतेश आईला घेऊन कोल्हापुरात आला. शाहूपुरीत जिन्याखालच्या एका गाळ्यात तो नेट कॅफे चालवायचा. मी तिथं नोकरीचे अर्ज भरायला जायचो. एरवी बोलायला मोकळा माणूस, पण बहिणीचा विषय निघाला की त्याचा आवाज खाली यायचा.

शांभवीला तो अक्का म्हणायचा. ब्याण्णव सालाच्या सुमाराला घर कबनूरलाच होतं; ती कोल्हापुरात कॉलेजला यायची आणि कॉलेज सुटलं की तिथल्याच एका कॉम्प्युटर क्लासला जायची. गणपतराव नावाचे एक सर तो चालवायचे. टीव्हीला जोडायचे, रबरी बटणांचे छोटे कॉम्प्युटर तेव्हा होते. त्यांचे गेम कॅसेटवर मिळायचे. टेपरेकॉर्डर जोडला की बराच वेळ किरकिर आवाज यायचा आणि मग पडद्यावर चित्र उमटायचं. शांभवीनं तिथं एक गेम तयार केला. त्यात मागावर आडवा धागा नेणारा धोटा डावीउजवीकडं पळायचा, ताण्याचे उभे धागे तुटायचे, आणि एका छोट्या माणसानं पळत जाऊन धोटा पोचायच्या आत गाठ मारायची. उशीर झाला की कापडाला भोक. गेमचं नावही ‘धोटा’च.

क्लासनं त्याच्या कॅसेटी काढून विकल्या. सुरुवातीला पडद्यावर क्लासचं नाव यायचं, करणाऱ्याचं नाहीच. पुढं पंच्याण्णव साली शांभवीला कावीळ झाली आणि ती गेली. लग्नसुद्धा ठरायचं होतं. घरात तिचा एक फोटो राहिला आणि एक कॅसेट.

दोन हजार चार साली कॅफेत गिऱ्हाईक नसताना महांतेश इंटरनेटवर सहज शोधत बसला होता. जुन्या घरगुती कॉम्प्युटरचे गेम जपून ठेवणारी परदेशातली एक साइट त्याला सापडली. त्यात इंग्रजी अक्षरांत ‘धोटा’ होता. त्यानं तो सुरू केला, आणि मागाशेजारी उभा असलेला तो छोटा माणूस समोर आला. त्याचा डावा खांदा खाली झुकलेला होता. महांतेशच्या वडिलांचा खांदा तसाच होता. तो कॅफेचं शटर अर्धं ओढून रडत बसला.

खाली माहिती दिली होती. लेखक : अज्ञात. देश : बहुधा युगोस्लाव्हिया.

घरी जाऊन त्यानं आईला सांगितलं. आईचं नाव नीलम्मा, पण घरात ती अव्वा. साखरेच्या आजारानं तिचे डोळे खराब होत चालले होते. जेवढं दिसतंय तेवढं सांभाळा, असं डॉक्टर म्हणाले होते.

“तिचं नाव न्हाय तिथं?” अव्वानं विचारलं.

“न्हाय. पण लावतो की मी.”

“मला दिसंल तवर लाव.”

त्या एका वाक्यानं महांतेशची झोप गेली. त्यानं शब्दकोश घेऊन इंग्रजीत साइटला कळवलं. साइट सांभाळणाऱ्या माणसाचं उत्तर आलं. याआधी दोघांनी हा गेम आपला म्हणून सांगितलं होतं आणि दोन्ही वेळा ते खोटं निघालं होतं. नुसत्या भावाच्या शब्दावर नाव लावता येणार नाही. मूळ कॅसेट दाखवा, नाहीतर गेम होताना तिथं असलेल्या माणसाचं म्हणणं पाठवा.

कॅसेट त्यानं जपून ठेवली होती. पण उघडली तर फितीवर बुरशी. एका दुरुस्तीवाल्यानं ती फिरवून पाहिली आणि फीत तुटून यंत्रात गुंडाळली गेली. वरचा कागद कधीच गळून गेला होता. महांतेश म्हणाला, “अक्काला दुसऱ्यांदा पोचवून आल्यागत वाटलं.”

मग तो गणपतरावांना शोधत हिंडला. क्लास बंद होऊन वर्षं झाली होती. जुन्या जागी औषधांचं दुकान होतं. कुणी म्हणायचं, ते पुण्याला गेले; कुणी म्हणायचं, ते वारले. दरम्यान अव्वाला ताटातली भाजी ओळखू येईना. तिचा रोजचा प्रश्न एकच असायचा, “लावलंस काय?” आणि महांतेश घरी जायचं टाळायला लागला.

शेवटी गणपतराव भेटले ते कोल्हापुरातच, एका झेरॉक्सच्या दुकानात. म्हातारे झाले होते. महांतेशनं सगळं सांगितलं.

“शांभवी हुक्केरी व्हय? आठवती की. हुशार पोरगी. पण अरे, पोरं करायची, आम्ही विकायचो. नावं कोण घालतंय?”

“सर, तेवढं एक लिहून द्या. गेम तिनं केला म्हणून.”

गणपतरावांनी चष्मा काढला. “तिनं एकटीनं कुठं? दोघी होत्या त्या. ती मुरगूडची रूपाली. रूपाली सोनुले. प्रोग्रॅमचं सगळं तीच बघायची. मला त्यातलं काय कळत न्हाय बाबा, तिलाच विचार. गगनबावड्याला शाळेवर हाय ती.”

महांतेशनं हे नाव घरात कधी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी कॅफे बंद ठेवून त्यानं गगनबावड्याची एसटी धरली. तिथं पाऊस असा की दहा हातांवरचं दिसत नव्हतं. रूपालीताई हायस्कूलला गणित शिकवायच्या. शिक्षकांच्या खोलीत त्यांनी त्याच्याकडं बघितलं आणि तो काही बोलायच्या आत म्हणाल्या, “तू शांभवीचा भाऊ. नाक तेच हाय.”

त्यांनी सगळं सांगितलं. कल्पना शांभवीची. चित्रं, रंग, मधलं संगीत शांभवीचं. धोटा पळवणं, धागे तोडणं, गुण मोजणं, म्हणजे गेम ज्यावर चालतो तो सगळा प्रोग्रॅम रूपालीताईंचा.

“तुम्ही कधी आमच्या घरी आला न्हाई?” महांतेशनं विचारलं.

“आलते की. एकदा. धोटा कसा पळतो ते बघायला. तू शाळेत असशील. तुझ्या अव्वानं आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग गल्ली विचारली. चहा शेडमध्ये दिला. मी निघाले तर मागं कप फुटल्याचा आवाज आला. शांभवी तिथंच उभी होती. नंतर तिनं मला घरी बोलवलं न्हाय, आणि मीबी विचारलं न्हाय. गेम आम्ही क्लासातच पुरा केला. ती गेल्याचं मला पेपरातनं कळलं. यावं वाटत होतं. कुठल्या दारानं येऊ, ते कळंना.”

महांतेश खाली मान घालून ऐकत होता. आणि तरीसुद्धा, त्यानंच मला सांगितलं, त्याच्या तोंडून पुढचं वाक्य गेलंच.

“ताई, अव्वाचे डोळे चाललेत. थोडेच दिवस हाईत. तुम्ही एवढंच लिहा, की गेम शांभवीनं केला. तुमचं नाव आत्ता नको. नंतर घालू आपण.”

बाहेर पावसात तासाची घंटा झाली.

“गणपतराव सरांनी नाव पुसलं ते पुसलं,” रूपालीताई म्हणाल्या. “आता तू पुसायला आलास व्हय?”

त्या उठून वर्गावर गेल्या. तो परत जायला उठला, पण पाय निघेनात. शाळा सुटेपर्यंत तो व्हरांड्यात उभा राहिला आणि त्या बाहेर आल्यावर म्हणाला, “चुकलो ताई. जे खरं हाय ते लिहा.”

त्यांनी लिहिलं. कुठलं काम कुणाचं, हे त्यांनी इतकं बारकाईनं मांडलं होतं, की साइटवाल्यानं गेमच्या आतला प्रोग्रॅम उघडून एकेक गोष्ट ताडून पाहिली आणि सगळी जुळली. पण त्याला वेळ लागला. आठवड्यामागून आठवडे गेले. महांतेश दिवसातून कितीदा तरी ते पान उघडायचा आणि दर वेळी तिथं युगोस्लाव्हिया असायचं. नवरात्रात अव्वाला दिव्याची ज्योतही दिसेनाशी झाली. दिवाळी सरल्यावर पान बदललं. देश : भारत. गाव : कोल्हापूर. लेखक : शांभवी हुक्केरी आणि रूपाली सोनुले.

महांतेशनं पानाची छापील प्रत घरी नेली. अव्वा खाटेवर बसली होती. तिनं कागद हातात घेतला, चाचपला आणि परत दिला.

“मला दिसत न्हाय. वाच.”

तो मला म्हणाला, “त्या वेळी माझ्या हातात सगळं होतं बघ. एक नाव वाचलं असतं तर म्हातारी सुखानं झोपली असती. कुणाला कळणार होतं?” त्यानं पाण्याचा तांब्या उचलला, ठेवला, आणि मग दोन्ही नावं वाचली.

अव्वाचा चेहरा आधी उजळला आणि दुसऱ्या नावाला तसाच थिजला.

“ती मुरगूडची?”

“व्हय. निम्मा गेम तिचा हाय.”

“माझ्या पोरीचं एकटीचं न्हाय व्हय?”

“न्हाय अव्वा.”

ती भिंतीकडं तोंड करून आडवी झाली. त्या रात्री जेवली नाही. पुढं बरेच दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलायची. गोळी दे, खिडकी लाव. ‘लावलंस काय’ हा प्रश्न थांबला, आणि तो थांबल्याचंच त्याला जास्त लागलं. एवढी धडपड जिच्यासाठी केली तिला ते दिसलं नाही, आणि जे ऐकलं ते नको होतं.

संक्रांतीच्या आसपास एकदा तो तिच्या पायाला तेल लावत होता. अव्वानं अचानक विचारलं, “ती लग्न होऊन सुखात हाय काय?”

“कोण?”

“रूपाली.”

“हाय. दोन पोरं हाईत. शाळेवर शिकवती.”

“शांभवीएवढीच की ती,” अव्वा म्हणाली. त्यापुढं तिनं काही विचारलं नाही. उन्हाळ्यात ती गेली.

अव्वा गेल्याचं कळवायला महांतेशनं रूपालीताईंना फोन केला होता. त्या आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला. तू जेवलास काय, एवढंच त्यांनी विचारलं.