क्रॉयडनच्या वर्गात अमेरिकेचा अध्यक्ष

शिकवलेलं विद्यार्थी विसरतात, मीही विसरते. उरतात ते किस्से! नव्वदच्या आसपास मी लंडनच्या क्रॉयडन भागात मोठ्या माणसांसाठी इव्हिनिंग क्लास घ्यायचे. विषय अमेरिकन राजकारण, विद्यार्थी पंधरा, बहुतेक पेन्शनीत निघालेले. एका वर्गात किती किस्से व्हावेत!

पहिल्याच दिवशी मी समजावलं : तिथे मत माणसं देतात, पण अध्यक्ष ठरतो राज्यांच्या मतांवर. प्रत्येक राज्याची मतं ठरलेली. राज्यात जो एका मतानं पुढे, त्याला बहुतेक ठिकाणी ती सगळीच मिळतात. त्यामुळे देशभरात जास्त मतं मिळवणाराही हरू शकतो.

जन्मभर बस चालवलेल्या स्टॅननं हात वर केला. "मिस, म्हणजे तिकीट पॅसेंजरनी काढायचं, आणि बस कुठे न्यायची ते कंडक्टरनी ठरवायचं?"

पुढे दरवर्षी मी हेच वाक्य शिकवलं!

*

तरी काहींना पटेना. मग मी वर्गातच इलेक्शन घेतलं. चहाबरोबर बिस्किटं कुठली आणायची, जिंजर नट की कस्टर्ड क्रीम? पाच-पाच जणांची तीन टेबलं, म्हणजे तीन राज्यं. दोन टेबलांवर जिंजर नट तीन विरुद्ध दोन असं जिंकलं. तिसऱ्यावर पाचही मतं कस्टर्ड क्रीमला. एकूण मतं कस्टर्ड क्रीमला नऊ, जिंजर नटला सहा, आणि आले जिंजर नट!

रिबेकामावशी मुंबईहून आलेल्या ज्यू बाई, सत्तरीच्या. इंग्लिशमध्ये त्या फार सभ्य. राग आला की मराठी.

"शैला, हा दिवसाढवळ्या दरोडा आहे!"

सगळ्यांनी भाषांतर मागितलं. मी दिलं. टाळ्या पडल्या.

*

मग आम्ही ही पद्धत सुधारायलाच घेतली. मावशींचा प्रस्ताव सरळ : सगळी मतं एकत्र मोजा, जास्त त्याचा अध्यक्ष. पंधरापैकी चौदा हात वर.

राहिली कॅरल. ती अमेरिकन, नवऱ्याच्या नोकरीपायी तीन वर्षांसाठी इथे आलेली. ती म्हणाली, "त्याला घटनादुरुस्ती हवी. तीन चतुर्थांश राज्यांची संमती हवी. छोट्या राज्यांना तर याच पद्धतीचा फायदा! ती कशाला देतील?"

मावशी हताश झाल्या. "म्हणजे सासूला घराबाहेर काढायचं, आणि कागदावर सही सासूचीच हवी!"

*

एकदा इथले पंतप्रधान बदलले, इलेक्शनशिवाय. पक्षाच्या खासदारांनी आपसात मतं दिली आणि नवा माणूस आला. त्यानंतरच्या वर्गाला कॅरल सर्वांत आधी येऊन बसली होती.

"तुमच्यापैकी कुणी मत दिलं?" तिनं गोड विचारलं.

सगळे वह्या चाळायला लागले. शेवटी स्टॅन म्हणाला, "मिस, आज ब्रेक जरा लवकर घेऊ या का?"

*

आणि कॅरलच्या मतपत्रिकेचा किस्सा. अमेरिकेत अध्यक्षाची निवडणूक होती. तिची पत्रिका पोस्टानं आली, ती तिनं वर्गात दाखवायला आणली. "ठेवून घ्या. आमच्या राज्यात माझा उमेदवार पडणार हे आधीच ठरलेलं असतं. मी दोनदा मतच दिलं नाही."

"अगं, हरणाऱ्याची मतंही मोजतात ना?" मावशी या वेळी इंग्लिशमध्येच कडाडल्या. "ती कमी कशाला करतेस?"

कॅरल पेन काढून, कोपऱ्यातल्या टेबलाशी आमच्याकडे पाठ करून बसली. अध्यक्षाच्या रकान्यापाशी बराच वेळ थांबली. त्याच पत्रिकेवर खाली तिच्या गावातल्या पदांची लांबलचक यादी होती, ती भराभर खुणा करत संपवली. ब्रेकमध्ये ती, मावशी, स्टॅन आणि मी पोस्टबॉक्सपर्यंत गेलो.

राज्यात व्हायचं तेच झालं, तिचा उमेदवार दणकून पडला. "बघा!" ती म्हणाली. मावशींना वाईट वाटलं.

महिन्याभरानं कॅरल आली ती हातात गावच्या पेपरचं कात्रण घेऊन. आईनं पाठवलेलं. गावातल्या शाळांचा कारभार बघणाऱ्या स्कूल बोर्डाची एक जागा, त्याच यादीतली. फेरमोजणी होऊन निकाल लागला होता, फक्त एका मतानं!

वर्गात जल्लोष! मावशींनी तर तिला मिठीच मारली.

"मग?" स्टॅननं विचारलं. "तू कुणाला दिलं होतंस?"

कॅरलनं कात्रणातली दोन्ही नावं वाचली. पुन्हा वाचली. मग खाली बसली.

"आठवतच नाहीये!"