यादीतली तेविसावी फळी

इतक्या वर्षांच्या नोकरीत खुनाची प्रकरणंसुद्धा आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. एका फळीच्या चोरीचा तपास मात्र अजून जसाच्या तसा डोळ्यांपुढे उभा राहतो. कारण साधं आहे. त्यात माझी जेवढी फजिती झाली तेवढी पुढे कधी झाली नाही. नातवंडांना वाटतं आजीनं मोठमोठे दरोडेखोर पकडले. वाटू दे. तुम्हाला मात्र खरं सांगते.

तेव्हा मी नवी कोरी पोलीस उपनिरीक्षक होते. सावंतवाडीची मुलगी, नेमणूक मालवण किनाऱ्यावर. गणवेशाला एवढी खळ घालायची की खाली बसताना कागद फाटल्यासारखा आवाज व्हायचा. भर आषाढात काळा चष्मा लावून फिरायची. ठाण्यात एक वयस्क हवालदार होते. ते म्हणायचे, "बाईसाहेब, चष्मो काढा, चिखलात पडशाल." मी काढत नसे, आणि दोनदा पडलेही. पंचनाम्याची भाषा तर विचारू नका. 'सदर इसमाने' आणि 'उपरोक्त ठिकाणी' यांशिवाय मला वाक्यच सुचायचं नाही. घरी आईला पत्र लिहितानासुद्धा 'उपरोक्त विषयी कळविणेत येते की' लिहिल्याचं आठवतं.

प्रकरण सुरू झालं वैशाखात. किनाऱ्यालगतच्या एका वाडीतल्या घराची एक पतपेढी जप्ती करणार होती, आणि आम्हाला बंदोबस्त मागितला होता. घरधन्यानं छोटा काजू कारखाना घातला होता. घर तारण ठेवलं होतं. कारखाना दोन हंगामांत बसला. जप्तीच्या आधीच तो माणूस गोव्याला एका हॉटेलात कामाला निघून गेला होता. घरात त्याची बायको आणि दोन मुली. घर फार जुनं नव्हतं, नवराबायकोनं लग्नानंतर उभं केलेलं. चिरे तिनं स्वतः डोक्यावरून वाहिले होते, हे मला फार नंतर कळलं.

कर्ज घरावर होतं, सामानावर नव्हतं. त्यामुळे सामान नेण्यासाठी तिला दोन वाजेपर्यंत वेळ दिला होता. मी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत अंगणात उभी. ती आत-बाहेर करत होती. देव, भांडी, ट्रंक, मुलींची दप्तरं. टेम्पो एकच. दोनला पाच कमी असताना ती माळ्याकडे जाणाऱ्या शिडीकडे वळली, तेव्हा मी म्हणाले, "बाई, वेळ संपत आला. खाली या." ती खाली आली.

उरलेल्या वस्तूंची यादी करायचं काम पतपेढीच्या वसुली अधिकाऱ्याचं. पण मला माझ्या पंचनाम्याचा एवढा अभिमान की मीच म्हटलं, "मी सांगते, तुम्ही लिहा." शिपाई प्रत्येक वस्तूवर नंबराची चिठ्ठी खळीनं चिकटवत होता. माळ्यावर जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं, त्याची एक कड बाहेर दिसत होती. मी शिडीच्या तिसऱ्या पायरीवरून मान वर करून पाहिलं आणि सांगितलं, "तेवीस. लाकडी फळी, एक." शिपायानं कडेवर चिठ्ठी चिकटवली. दाराला सील लागलं.

श्रावण लागता लागता वसुली अधिकारी तक्रार घेऊन आला. घराला गिऱ्हाईक आलं होतं, म्हणून तो दाखवायला गेला. सील शाबूत, कुलूप शाबूत, आणि तेवीस नंबरची फळी गायब.

आम्ही घटनास्थळी गेलो. हवालदार घराला वळसा घालून परसात गेले आणि पडवीच्या छपराकडे बघत उभे राहिले.

"हयसून गेलो," ते म्हणाले. "शेवाळाची रेष बघा. चार कौला काढलेली आसत. बाकीच्या कौलांवर शेवाळ सरळ आसा, ह्या चारांवर तुटलला."

"चार कौलं काढून आत उतरला?"

"उतारलो, आणि परत बसवन गेलो. एकदम घट्ट. खाली एक थेंब गळाक नाय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाईसाहेब, चोर कौला परत बसवता खंय? ह्यो घरचो माणूस."

एवढा तपास त्यांनी पाच मिनिटांत केला होता. मी तिथंच थांबायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात तेव्हा जुन्या लाकडाची टोळी शिरली होती. जुन्या घरांची कोरीव लाकडं बाहेर विकली जातात असं मी कुठंतरी ऐकलं होतं. मी आठवडाभर लाकडाच्या वखारी पालथ्या घातल्या. एका वखारवाल्यानं विचारलं, "फळी कसली? सागाची, आंब्याची, फणसाची? लांबी किती?" यातलं मला काहीच सांगता येईना. तो हसला. हवालदार छत्री उघडून बाहेर जाऊन उभे राहिले. तेही बाहेर हसत असणार.

मग खबर लागली. जवळच्या कट्टा गावच्या बाजारात मासे विकायला येणारी एक बाई हवालदारांच्या ओळखीची होती. ती म्हणाली, "हवालदारानू, आषाढातल्या एका सोमवारी भर दुपारच्या एस्टीत एक बाय होती. लुगड्यात काय ता गुंडाळून मांडयेर घेवन बसलेली. उभ्या माणसांका जागा नाय. मी म्हटलंय, गो, खाली ठेव मगे. तर म्हणता, नको, पाय लागतले."

पाय लागतील म्हणून खाली ठेवत नाही! मी टेबलावर हात आपटला. "मूर्ती! ही मूर्तिचोरांची टोळी आहे!"

हवालदारांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी आता नातवाकडे पाहते. तरीही दोन दिवस आम्ही देवळं तपासली. एकही मूर्ती हलली नव्हती. एका पुजाऱ्यानं विचारलं, "मूर्ती चोरीक गेली असा तुमका कोणी सांगलान?" मी म्हटलं, "गोपनीय आहे."

चतुर्थी तोंडावर आली होती, आणि बंदोबस्ताच्या कामासाठी गणपतीच्या शाळांना भेटी द्यायच्या होत्या. आमच्याकडे गणपती जिथं घडवतात त्या जागेला शाळा म्हणतात. चतुर्थीच्या दीड-दोन महिने आधी प्रत्येक घर आपला पाट मूर्तिकाराकडे पोचवतं. मूर्ती त्या पाटावरच उभी राहते, आणि चतुर्थीला पाटासकट घरी येते. माझ्या माहेरचा पाटही दरवर्षी असाच जातो. लहानपणी मीच तो बाबांबरोबर न्यायची.

कट्ट्याच्या रस्त्यावरच्या एका शाळेत आम्ही शिरलो. ओल्या मातीचा वास, रांगेनं अर्धवट गणपती, कुणाला सोंड नाही, कुणाला हात नाही. मूर्तिकार कोपरापर्यंत मातीनं माखलेला. मी रांगेवरून नजर फिरवत होते, आणि एका पाटाच्या कडेला पांढरी चिठ्ठी दिसली. तेवीस.

"मुद्देमाल! हवालदार, ताब्यात घ्या."

हवालदारांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. "माझ्यान होवचा नाय, बाईसाहेब. गणपती बसलो तेच्यार."

मूर्तिकारही उठून उभा राहिला. "माती चढली. आता तो पाट ढळवूचो नाय. तुमका होयो तर माका घेवन चला." चिठ्ठीबद्दल विचारलं तर म्हणाला, "सगळे नाव घालतत, हिणा नंबर घातलान. माका वाटला, चलता."

मी चष्मा काढला. तेव्हा कुठं मला दिसलं की ती फळी नव्हतीच. खाली दोन पट्ट्या ठोकलेला, कडा गोल केलेला फणसाचा पाट. सावंतवाडीच्या आमच्या पाटासारखाच. जिच्या घरी दरवर्षी गणपती येतो त्या मुलीनं शिडीच्या तिसऱ्या पायरीवरून गणपतीच्या पाटाला फळी म्हटलं होतं. माझ्या पंचनाम्यात. माझ्याच तोंडानं.

पाट देणाऱ्या बाईला ठाण्यात बोलावलं. कट्ट्याला एका खोलीत भाड्यानं राहत होती. ओली छत्री दाराबाहेर ठेवून ती बाकावर बसली. चौकशीसाठी मी चौदा प्रश्न कागदावर लिहून ठेवले होते. पहिला होता, 'घटनेच्या दिवशी आपण कोठे होतात?'

"घरात," ती म्हणाली. "म्हणजे त्या घरात. पाट मीच नेलंय. कौला काढलंय आणि बसवलंय पण मीच."

उरलेले तेरा प्रश्न तसेच राहिले.

"परत का बसवली?"

"पावस पडता नाय? आत पाणी जायत." मग म्हणाली, "कोणाचा पण होवंदे, घर भिजता नये."

"मग पतपेढीकडे रीतसर का नाही मागितलात?"

"तीनदा गेलंय, बाईसाहेब. गणपतीचो पाट रवलो म्हणान सांगलंय. तेंनी यादी काढल्यानी. म्हणाले, यादीत पाट नाय. पाट नाय म्हणजे घरात पाट नाय. एकजण तर माका म्हणालो, एक फळी आसा, ती होयी काय?"

कोपऱ्यात हवालदार वहीत काहीतरी लिहीत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"नवा पाट करून घ्यायचा होता," मी म्हटलं. आवाजातली खळ एव्हाना उतरली होती.

"करतलंय होतंय. पण तेंका कसा सांगू?" 'तेंका' म्हणजे नवऱ्याला. जप्तीपासून तो एकदाही आला नव्हता. पैसे पाठवायचा, पण शेजाऱ्यांच्या फोनवरसुद्धा यायचा नाही. म्हणे, घर नाही तर मी कुठं येऊ? भाड्याच्या खोलीत पाय ठेवणार नाही. चुलत दीर म्हणाले होते, यंदा आमच्याकडे नारळ घेऊन ये, वेगळा गणपती कशाला? "थंय ते येवचे नाय," ती म्हणाली. "लग्न झाल्यापासना चवथीक ते चुकलेले नाय. तो पाट तेंच्या बापाशीन केललो. तो पाट शाळेत गेलो असा कळला तर येतीत. नवीन पाटाक कोण येता?"

एवढं बोलून तिनं पदरानं तोंड पुसलं, आणि मग खरी भीती बोलली. "बाईसाहेब, माझो एक कागद तुमच्याकडे आसा."

होता. अंगणवाडी मदतनीस म्हणून तिची निवड झाली होती. चारित्र्य पडताळणीचा अर्ज माझ्याच टेबलावरच्या ट्रेमध्ये, माझ्या अभिप्रायासाठी पडून होता. घरफोडीचा गुन्हा नोंदला तर ती नोकरी गेली, आणि त्या खोलीचं भाडंही गेलं. मी अर्ज काढून समोर ठेवला. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही, खिडकीबाहेर पाहिलं.

मी निरीक्षक साहेबांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "तिचाच पाट तिनं नेला, तर चोरी कुणाची?" ते म्हणाले. "पण यादीत फळी आहे. फळी कुणी लिहिली?"

"मी सांगितली, सर."

"मग लिहून द्या. तुमच्या हातानं, तुमच्या चुकीनं."

मी लिहून दिलं. आयुष्यातला तो एकमेव सरकारी कागद, ज्यात 'सदर' आणि 'उपरोक्त' नव्हतं. पुरवणी पंचनाम्यासाठी वसुली अधिकाऱ्याला शाळेत नेलं. तो आत शिरताना चपला बाहेर काढून आला. सोंड नुकतीच लागली होती. बराच वेळ बघून म्हणाला, "मॅडम, पाट तिचाच आहे. माझी तक्रार नाही. सील शाबूत होतं, तेवढं लिहा." प्रकरण गैरसमजुतीतून दिलेली तक्रार म्हणून बंद झालं. अर्जावर मी 'गुन्हा दाखल नाही' असं लिहून सही केली. माझ्या नावावर मात्र कामात कसूर केल्याची नोंद लागली. तेव्हा रडले होते. आता सांगताना गंमत वाटते.

चतुर्थीच्या दिवशी माझा बंदोबस्त कट्ट्याला होता. सकाळी शाळेसमोर माणसांची गर्दी, टाळांचा आवाज. एका कडेला एक माणूस अंग चोरून उभा होता, खांद्यावर छोटी बॅग. गोव्याच्या गाडीनं आदल्या संध्याकाळी आलेला. रात्र त्यानं शाळेच्या पडवीतच काढली होती, खोलीवर गेला नव्हता. बायको समोर आली. मूर्तिकारानं पाटासकट गणपती उचलला आणि म्हणाला, "चला, डोक्यार घेवा."

गणपती घरच्या माणसानं डोक्यावर घ्यायचा, आणि घर येईपर्यंत वाटेत कुठं टेकवायचा नाही. त्याला ते माहीत होतं. तिलाही माहीत होतं, आणि मला वाटतं तिनं सगळं त्यावरच बेतलं होतं. तो चालू लागला, पुढे मुली टाळ वाजवत. मी रहदारी आवरण्याच्या निमित्तानं मागून गेले. खोलीच्या दाराशी तो थांबला. दार बुटकं. मागची माणसं ताटकळली. बायको आतून आरतीचं ताट घेऊन आली आणि म्हणाली, "वाकान येवा. मूर्तीक लागात."

तो वाकला आणि आत गेला.

त्यांचं घर परत मिळालं नाही. तो कट्ट्यालाच दुसऱ्याच्या काजू कारखान्यात भट्टीवर लागला. ती अंगणवाडीत. त्याच खोलीत त्यांनी मुलींची शिक्षणं केली.

मला या प्रकरणानं काय शिकवलं, असं कुणी विचारलं तर लांबलचक सांगता येत नाही. घर जाणारा माणूस घरच मागेल म्हणून आपण कान बंद करून उभे राहतो. तो मागत असतो भलतंच काहीतरी, हातात मावेल एवढं, आणि ते आपल्या यादीत भलत्या नावानं पडलेलं असतं. पुढे मी ठाण्याची प्रभारी झाल्यावर जप्तीच्या बंदोबस्ताला आदल्या दिवशीच साध्या साडीत जाऊ लागले. चहा घ्यायचा आणि विचारायचं, काय राहता कामा नये? जामसंड्याला एका म्हाताऱ्या गृहस्थांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "बाई, विहिरीचा पाणी." यादीत त्यासाठी रकाना नव्हता. मी रहाटाचा दोर हातात घेतला आणि त्यांना म्हटलं, कळशी आणा.